शाळेच्या आणि हौशी प्रौढांच्या वृंदासाठी समकालीन रचना निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संवाहकाकडे, म्हणजे समूहगायन करवून घेणाऱ्याकडे, दोन गायनवृंद आहेत. पहिला शाळेतील अकरा ते पंधरा वर्षांच्या सुमारे चाळीस मुलामुलींचा, आणि दुसरा तीसेक हौशी प्रौढांचा, ज्यात पुरुष जेमतेम सात आहेत. दोन्ही वृंदांनी आजवर जुनी, परिचित गीतेच गायली आहेत. आता हयात किंवा अलीकडच्या काळातील संगीतकारांच्या रचना घ्यायच्या आहेत, तर कोणत्या घ्याव्यात, आणि हे नवे संगीत अशा गळ्यांना झेपेल का, असे विचारले आहे.

झेपेल, आणि अनेकदा जुन्यापेक्षा अधिक सहजपणे झेपेल. मात्र त्यासाठी रचना हाती घेण्यापूर्वी तिच्याबद्दल एक गोष्ट शोधून काढावी लागते, ती म्हणजे ती मुळात कोणासाठी लिहिली गेली. दोन्ही प्रकारचे वृंद सांभाळताना मी केलेल्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळे झाल्या. पहिल्या काही वर्षांत मी एका व्यावसायिक वृंदाचे ध्वनिमुद्रण ऐकून भारावलो आणि अमेरिकी संगीतकार एरिक व्हिटॅकर यांची ‘लक्स ऑरुम्के’ ही 2000 सालची रचना हौशी प्रौढांसमोर ठेवली. कागदावर ती सोपी दिसते, कारण चाल संथ आहे, शब्द मोजके आहेत आणि लयीची गुंतागुंत नाही. परंतु प्रत्येक आवाजाचे, म्हणजे एकच चाल गाणाऱ्या गटाचे, पुढे दोन-तीन पोटविभाग होतात, शेजारशेजारचे स्वर एकमेकांना घासून उभे राहतात आणि लांबलचक दम लागतो. माझ्याकडच्या आठ आल्टोंचे, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या स्त्रियांचे, तीन भाग केल्यावर प्रत्येक भागात खात्रीने गाणारी जेमतेम एकच गायिका उरली. चार महिन्यांच्या तालमींनंतरही रचना संपेपर्यंत स्वर खाली उतरत असे, आणि गाणाऱ्यांना वाटे की दोष आपला आहे. दोष निवडीचा होता, म्हणजे माझा होता, आणि हे त्यांना वेळीच सांगितले नाही याची खंत मला आजही आहे.

हौशी गळ्यांसाठी लिहिणे हे दुय्यम काम नाही, हे विसाव्या शतकातील मोठ्या संगीतकारांनी दाखवून दिलेले आहे. बेंजामिन ब्रिटन यांनी 1933 ते 1935 या काळात ‘फ्रायडे आफ्टरनून्स’ ही बारा गीते आपला भाऊ मुख्याध्यापक असलेल्या वेल्समधील एका शाळेच्या मुलांसाठी लिहिली. त्यातील शेवटच्या गीतात एकच साधी चाल वेगवेगळ्या गटांत मागेपुढे सुरू होते, आणि ज्या मुलांना फक्त एका ओळीत गाता येते तीच मुले चार आवाजांचे गुंफण उभे करतात. हंगेरीत झोल्टान कोडाय यांनी मुलांच्या वृंदासाठी आयुष्यभर लिहिले. ‘बिसिनिया हंगारिका’ हा त्यांचा दोन आवाजांच्या छोट्या रचनांचा संग्रह 1937 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाला, आणि स्वतंत्र ओळ, म्हणजे आपल्या गटाची वेगळी चाल, सांभाळण्याची सवय लावण्यासाठी त्याच्याइतके उपयोगी साहित्य मला आजही दुसरे सापडलेले नाही. हे दोघे समकालीन नव्हेत, तरी आज शाळांसाठी उत्तम लिहिणाऱ्यांची वाट यांनीच आखली असल्याने त्यांच्यापासून सुरुवात करणे चुकीचे ठरणार नाही.

आता मुलांच्या वृंदाकडे येऊ. अकरा ते पंधरा या वयोगटातील खरी अडचण सुरेलपणाची नसून मुलग्यांच्या फुटणाऱ्या आवाजाची असते. आवाज बदलत असताना त्या मुलाकडे कधी कधी सप्तकभर स्वरही भरवशाचे नसतात, आणि जे असतात तेही महिन्याभरात सरकतात. अशा मुलाला मुलींची ओळ खालच्या सप्तकात गायला लावले तर अर्धे स्वर त्याच्या टप्प्याबाहेर जातात, आणि नुसते ओठ हलवायला सांगितले तर तो गाणे कायमचे सोडून देण्याची शक्यता असते. त्यामुळे तीन ओळींच्या मिश्र (मुलगे आणि मुली एकत्र गाणाऱ्या) वृंदासाठी लिहिलेल्या, आणि तिसरी ओळ पाच-सहा स्वरांतच फिरवणाऱ्या रचना शोधाव्यात. आणि दर सहा आठवड्यांनी प्रत्येक मुलाचा आवाज एकट्याने, पण इतरांसमोर नव्हे, ऐकून त्याची जागा पुन्हा ठरवावी.

रचना पडताळताना बहुतेक जण सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा स्वर पाहतात. त्याहून महत्त्वाचे असते ते आवाज बहुतेक वेळ कोणत्या पट्ट्यात राहतो हे. वरच्या एफ या (पाश्चात्त्य नावाच्या) स्वराला एकदा स्पर्श करून लगेच खाली येणारी ओळ बारा वर्षांची मुलगी आनंदाने गाते. तीच मुलगी दोन पाने सतत डी आणि ई यांच्या आसपास राहिली तर गळा आवळून गाऊ लागते, आणि ते ऐकणाऱ्यालाही कळते. मी नवी प्रत आली की प्रत्येक ओळ स्वतः उभ्याने, पूर्ण दमाने, न थांबता गाऊन पाहतो. वाचून जे लक्षात येत नाही ते तिसऱ्या पानावर स्वतःच्या गळ्याला कळते.

या कसोटीला उतरणाऱ्यांत बॉब चिल्कॉट यांचे नाव मी आधी घेईन. ते स्वतः केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या वृंदात बालगायक होते आणि पुढे 1985 ते 1997 या काळात ‘किंग्ज सिंगर्स’ या गटात गात होते, त्यामुळे गाणाऱ्याचा दम कुठे संपतो हे त्यांना आतून माहीत आहे. ‘कॅन यू हिअर मी?’ ही त्यांची 1998 ची रचना बहिऱ्या मुलाच्या अनुभवावर आहे, आणि तिच्या काही भागांत मुले गाता गाता खुणांच्या भाषेत तेच शब्द हातांनी सांगतात. हा भाग शोभेसाठी आहे असे समजून वगळू नये. हात आणि शब्द एकत्र आले की मुले ओळीचा अर्थ धरून गातात, शब्दांची तोडफोड थांबते, आणि माझ्या अनुभवात तर श्वासही सगळ्यांचा एकाच ठिकाणी पडू लागतो. फक्त खुणा त्या भाषेच्या जाणकाराकडून शिकाव्यात, चित्रे पाहून बसवू नयेत. त्यांचीच 2004 ची ‘अ लिटल जॅझ मास’ मुळात उंच आवाजांच्या वृंदासाठी आहे आणि मिश्र वृंदासाठीही उपलब्ध आहे. तिला चांगला पियानोवादक मात्र हवाच, कारण जॅझची लय साथीत नसेल तर मुलांच्या गळ्यात ती येणार नाही.

जॉन रटर यांची ‘फॉर द ब्यूटी ऑफ द अर्थ’ दोन आवाजांच्या आवृत्तीत मिळते आणि पहिल्या कार्यक्रमासाठी योग्य आहे. काही संवाहक रटर यांना फार गोड म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही, कारण त्यांच्या ओळी गळ्याच्या स्वभावाला धरून जातात, आणि दोन आवाजांत गाण्याचा आत्मविश्वास मुलांना अशाच ओळींतून मिळतो. व्हिटॅकर यांच्याकडेही शाळेने पाठ फिरवू नये. किपलिंग यांच्या शब्दांवरची ‘द सील लल्लबाय’ ही त्यांची पियानोच्या साथीची अंगाई सौम्य आहे, आणि तिच्यातून त्यांच्या स्वरविश्वाची ओळख जोखमीशिवाय होते.

माझा सर्वाधिक आग्रह मात्र कॅनडाचे आर. मरे शेफर यांच्या ‘एपिटाफ फॉर मूनलाइट’ या 1968 च्या रचनेसाठी आहे. शेफर यांनी शाळकरी मुलांना चांदण्यासाठी स्वतःचे नवे शब्द तयार करायला सांगितले होते, आणि त्या मुलांनी घडवलेले ‘नू-यू-यूल’, ‘शिव्हरग्लोवा’ असे शब्दच या रचनेचे काव्य बनले. तिचे लेखन नेहमीच्या पाच रेघांवर नसून आकृत्यांत आहे: रेघ खाली उतरते तिथे आवाज उतरतो, ठिपके येतात तिथे स्वर तुटक होतात, आकृती रुंदावते तिथे स्वरांचा थर दाट होतो. स्वरलिपी वाचता न येणारी मुले ज्यांना वाचता येते त्यांच्या बरोबरीने पहिल्याच दिवशी ती गाऊ लागतात. ज्या शेजारी स्वरांच्या घर्षणाने माझ्या प्रौढ वृंदाची चार महिने दमछाक केली, तेच घर्षण या रचनेत मुले आपणहून निर्माण करतात, कारण तिथे कोणता तरी नेमका स्वर चुकण्याची भीतीच नसते. एकदा कानाला ती चव लागली की पुढे लिहिलेले शेजारी स्वर धरणे फार अवघड जात नाही. त्यांचीच ‘स्नोफॉर्म्स’ ही रचना बर्फासाठीच्या इनुइट (उत्तर ध्रुवाजवळच्या मूळ रहिवाशांच्या) शब्दांवर बेतलेली आहे, आणि तीही आकृत्यांतच लिहिली आहे. पहिली बसल्यावर दुसरीकडे जावे.

रीना इस्माइल या भारतीय-अमेरिकी संगीतकार आहेत. त्यांची ‘तरेकिट’ 2016 ची, तबल्याच्या बोलांवर आधारलेली आणि जेमतेम दोन-तीन मिनिटांची आहे. ती लॉस एंजेलिसमधील ‘अर्बन व्हॉइसेस प्रोजेक्ट’ या वृंदासाठी लिहिली गेली. बेघरपणाचा अनुभव घेतलेल्या माणसांचा हा वृंद आहे, ज्यांपैकी अनेकांना लिखित संगीत वाचण्याची सवय नव्हती. म्हणून तिच्या ओळी कानाने, ऐकून, पुन्हा म्हणून शिकता येतील अशाच बांधल्या आहेत. बोल आधी बोटांवर मोजत आणि नुसते बोलून पक्के करावेत, स्वर नंतर लावावेत. उलट क्रमाने गेल्यास व्यंजने बोथट होतात आणि रचनेचा सारा तजेला जातो.

प्रौढ वृंदातील सात पुरुषांचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेचा आहे. सात जणांचे टेनर (वरचा पुरुषी आवाज) आणि बास (खालचा) असे दोन गट केले तर एखादा आजारी पडताच एक ओळ कोसळते. पुरुषांची एकच ओळ असलेल्या तीन आवाजांच्या रचना घेणे हा सरळ उपाय आहे, परंतु त्यात एक काळजी घ्यावी: मूळ चार आवाजांच्या रचनेची तीन आवाजांत केलेली काटछाट पुष्कळदा पोकळ वाजते, कारण संगीतकाराने ज्या स्वरावर सगळा भार दिलेला असतो तोच नेमका वगळला जातो. शक्य तिथे मुळातच तीन आवाजांसाठी लिहिलेले घ्यावे. खालच्या आवाजाच्या दोन-तीन स्त्रियांना टेनरची ओळ देणे एखाद्या रचनेपुरते चालते. वर्षानुवर्षे तसे केल्यास त्यांचा वरचा पट्टा मंदावतो, हे मी जवळून पाहिले आहे.

चार आवाज घ्यायचेच असतील, तर ते बहुतांश एकत्र, एकाच शब्दावर हलतात अशी रचना निवडावी. स्कॉटिश संगीतकार जेम्स मॅकमिलन यांनी ग्लासगोतील एका पॅरिश चर्चच्या साध्या वृंदाबरोबर अनेक वर्षे काम केले, आणि त्यांच्या ‘स्ट्रॅथक्लाइड मोटेट्स’ या मालेत त्या अनुभवाची खूण दिसते. त्यातील 2007 ची ‘ओ रेडियंट डॉन’ साथीविना गायची आहे, तिचे आवाज बहुधा एकत्रच श्वास घेतात, आणि मधला ‘कम’ या एकाच शब्दाच्या आर्जवाचा भाग हळू आवाजात किती गाता येते याची खरी परीक्षा घेतो. नव्या संगीताबद्दल साशंक असलेल्या प्रौढांसमोर मी अनेकदा हीच ठेवली आहे.

एस्टोनियाचे आर्वो पॅर्ट यांच्या रचना स्वर मोजले तर सोप्या आणि सुराचा अचूकपणा मोजला तर अत्यंत कठीण असतात. त्यांनी 1976 पासून वापरलेल्या शैलीत एक आवाज पायरीपायरीने चालतो आणि दुसरा केवळ मूळ त्रिस्वरीतील स्वरांवर, म्हणजे आपल्या भाषेत सा-ग-प यांवरच, थांबत जातो. माद्रिदमधील 11 मार्च 2004 च्या बॉम्बस्फोटांनंतर दोनच दिवसांनी त्यांनी ‘दा पाचेम दोमिने’ लिहायला घेतली. तिच्यात अवघड उडी नाही, वेग नाही. केवळ स्वर लावून तो निश्चल ठेवणे आहे. सलग दोन महिने दर तालमीच्या आरंभी तिचे एकच पान गायले तरी वृंदाचा सूर सुधारतो, मग ती मंचावर जावो वा न जावो.

मॉर्टन लॉरिडसन यांच्या ‘ओ मॅग्नुम मिस्तेरियुम’ची मागणी प्रत्येक प्रौढ वृंदातून कधी ना कधी होतेच. 1994 मध्ये लॉस एंजेलिस मास्टर कोरालने ती प्रथम गायली. ती डी मेजर या, डी हा पायाचा स्वर धरणाऱ्या, स्वरसमूहात आहे आणि जवळजवळ संपूर्ण रचना त्याच स्वरसमूहात राहते. फक्त येशूच्या कुमारी मातेचा उल्लेख करणाऱ्या ‘वीर्गो’ या शब्दावर आल्टोंना जी शार्प येतो. डी हा सा धरला तर तो तीव्र मध्यम होतो, आणि मातेच्या पुढच्या दुःखाची सावली त्या एकाच परक्या स्वरातून रचनेवर पडते. आल्टोंना हे समजावून सांगितल्याशिवाय तो स्वर गायला लावू नये. समजल्यावर त्या तो नुसता बरोबर गात नाहीत, जपून गातात. तरीही ही रचना पहिल्या वर्षी घेऊ नये, कारण तिचे दम लांब आहेत आणि बास खोल उतरतात. सात पुरुषांवर तिचा भार टाकणे अन्यायाचे होईल.

कार्ल जेन्किन्स यांची ‘दि आर्म्ड मॅन’ ही 2000 साली लंडनमध्ये प्रथम सादर झालेली, कोसोवोतील युद्धबळींना अर्पण केलेली शांतिप्रार्थना सामुदायिक वृंदांत फार लोकप्रिय आहे. तिच्या संहितेत लॅटिन प्रार्थनेबरोबर महाभारतातील वर्णनही येते. तासाभराहून मोठी ही रचना तीस जणांनी सलग बसवण्याऐवजी तिच्यातील ‘बेनेडिक्टुस’सारखा एखादा भाग घ्यावा. मोठ्या प्रमाणावर काही करायचेच असेल आणि दोन्ही वृंद एकत्र आणायचे असतील, तर जोनाथन डव्ह यांच्याकडे वळावे. सायमन रॅटल यांच्या संवाहनाखाली 2015 मध्ये सादर झालेल्या त्यांच्या ‘द मॉन्स्टर इन द मेझ’ या ऑपेरात मुले, किशोर आणि प्रौढ यांचे तीन स्वतंत्र वृंद आहेत, आणि प्रत्येकाला कथेत स्वतःची भूमिका आहे. हौशी लोक इथे मागे उभे राहून साथ करत नाहीत. त्यांच्याशिवाय कथाच पुढे सरकत नाही.

शब्दांबद्दल दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. समकालीन वृंदसंगीताचा मोठा भाग ख्रिस्ती उपासनेच्या संहितांवर आहे, आणि हे शाळेत पालकांना व प्रौढ वृंदात सदस्यांना तालमी सुरू होण्यापूर्वीच, अर्थासह, सांगावे. ज्यांना ते नको असेल त्यांच्यासाठी कवितांवरील रचनांची कमतरता नाही. लॅटव्हियाचे एरिक्स एशेनवाल्ड्स यांची सारा टीसडेल यांच्या कवितेवरील, पाणी भरून सुरात लावलेल्या काचेच्या पेल्यांच्या साथीची ‘स्टार्स’ हे त्याचे सुंदर उदाहरण आहे, अर्थात प्रगत वृंदासाठी.

दुसरी गोष्ट हक्कांची आहे. हयात संगीतकाराची प्रत छायांकित करून वाटू नये. जितके गायक तितक्या प्रती विकत घ्याव्यात, कारण हेच त्या संगीतकाराचे उत्पन्न असते. आणि स्वतः नवी रचना करून घेणार असाल तर कवितेची लेखी परवानगी सर्वांत आधी मिळवावी. व्हिटॅकर यांनी 2000 साली रॉबर्ट फ्रॉस्ट यांच्या, हिमवर्षावाच्या संध्याकाळी रानाजवळ थांबलेल्या प्रवाशाविषयीच्या प्रसिद्ध कवितेला संगीत दिले, ते सादरही झाले, आणि नंतर हक्कधारकांनी परवानगी नाकारली. तयार संगीत वाचवण्यासाठी चार्ल्स अँथनी सिल्व्हेस्ट्री यांनी त्याच छंदात नवे शब्द लिहून दिले, आणि आज जगभर गायली जाणारी ‘स्लीप’ ही ती रचना. त्यांच्या हाताशी असा कवी होता, प्रत्येकाच्या असेलच असे नाही.

नवी रचना करून घेण्याचा विचार दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अवश्य करावा. दोन-तीन वृंदांनी खर्च वाटून घेतला तर तो आवाक्यात येतो. संगीतकाराला तालमीला बोलवावे, आणि जमत नसेल तर एका कागदावर हे लिहून पाठवावे: प्रत्येक ओळीत किती जण आहेत, प्रत्येक ओळ कोणत्या स्वरापासून कोणत्या स्वरापर्यंत थकल्याशिवाय गाते, कोण वाचून गाते आणि कोण ऐकून, आवाज फुटत असलेली मुले किती आहेत, पियानोवादकाची तयारी कितपत आहे, आणि पहिल्या प्रयोगापर्यंत तालमी किती मिळणार आहेत. सोबत वृंदाचे एक साधे, कोणतीही सुधारणा न केलेले ध्वनिमुद्रण जोडावे, आणि ते सर्वांत चांगल्या दिवसाचे नव्हे, एखाद्या नेहमीच्या तालमीचे असावे.